मावसाजी आणि माझा कंटिन्युअस ताप

साऱ्या वऱ्हाडात इंग्रजी भाषेची खरी काळजी एकाच माणसाला होती, आणि माझ्या दुर्दैवाने तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. नागपूरच्या गोऱ्या साहेबांनाही ती एवढी नसावी. मावसाजी अकोल्याच्या एका हायस्कुलातून निवृत्त झाले होते, म्हणजे शाळा सुटली होती, शिकवणं नव्हे. त्यातही त्यांचा जीव अडकला होता तो सतत, वारंवार, अधूनमधून अशा अर्थाच्या शब्दांत. ‘कंटिन्युअस’ म्हणजे मध्ये खंडच नाही. ‘कंटिन्युअल’ म्हणजे थांबून थांबून पुन्हा पुन्हा. हा फरक त्यांनी मला मुंजीपासून लग्नापर्यंत ऐकवला. हे ऐकवणं स्वतः दोहोंपैकी कशात मोडतं, हे विचारायची सोय नव्हती, कारण ते त्याचंही उत्तर देत. एकदा वाचनालयाच्या चिटणिसांनी सभा ‘बायवीकली’ भरेल असं फळ्यावर लिहिलं. या शब्दाचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही, हे मावसाजींनी त्यांना भर भाजीबाजारात समजावलं. मग निम्मे सभासद एका हिशेबाने येऊ लागले, निम्मे दुसऱ्या, आणि तीन महिने सभाच भरेना. मी बोललो तर म्हणाले, “शब्दच फितूर आहे, मी काय करू?”

इथवर मी हसत होतो. पुढे पाळी माझ्यावर आली. मी अमरावतीला कचेरीत कारकून. अकोल्याला त्यांच्याकडे गेलो असता हिवतापाने पडलो. हात थरथरत होता म्हणून रजेचा अर्ज त्यांना लिहायला सांगितला आणि चुकून म्हणालो, “कंटिन्युअस फीवर लिहा.”

त्यांनी टाक खाली ठेवला. “मधात उतरते का नाही ताप?”

“सकाळी उतरतो.”

“मग कंटिन्युअस कसा? सरकारले खोटं काहून लिहून राहिला तू? रोज येते का एका दिवसाआड येते, ते पाहू दे आधी.”

मावशी आतून म्हणाली, “तो तिकडं कुडकुडून राहिला, अन् तुमचं काय चाललं?” पण मावसाजींनी चार दिवस माझा ताप तपासला आणि पाचव्या दिवशी निर्दोष इंग्रजीतला अर्ज टपालात टाकला. तोवर बिनपरवानगी गैरहजर म्हणून माझी बदली मेळघाटात धारणीला झाली होती. तिथे मात्र ताप कंटिन्युअस होता. वर्षभर मी त्यांना पत्र लिहिलं नाही.

परत आलो तो मावशी आजारी असल्याचं कळलं, म्हणून अकोल्याला गेलो. डॉक्टर मद्रासकडचे, इंग्रजीतच बोलत. छातीतलं दुखणं कंटिन्युअस आहे की राहून राहून, असं त्यांनी मावसाजींना विचारलं. आता तासभराचं व्याख्यान होणार म्हणून मी भिंतीला टेकलो. पण मावसाजींना ते ठाऊकच नव्हतं. वाकून त्यांनी मावशीला विचारलं, “कवापासून दुखून राहिलं तुले?”

“दुखते आपलं, पोळ्यापासून,” मावशी म्हणाली. “तुमच्याकडं कोणी ना कोणी शिकायले बसलेलं राहे. म्हणून नाही बोलली.”

पोळा होऊन पाच महिने लोटले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काय लिहू म्हणून पुन्हा विचारलं. मावसाजी मान खाली घालून म्हणाले, “लिहा काहीही. कोणताही शब्द चालेल.”

मावशी त्या दुखण्यातून उठली आणि आणखी चार वर्षं जगली. त्या काळात मी मावसाजींना इंग्रजीतून बरीच पत्रं लिहिली. त्यांच्या उत्तरात मावशीला आज कसं वाटलं, काय खाल्लं, दुपारी किती वेळ झोप लागली, एवढंच असे. मी मुद्दाम एखादा शब्द चुकवून पाहत असे. त्यांनी तो एकदाही सुधारला नाही.