दीड विळा

औंधच्या पूर्वेला, जिथून कोरडा मुलूख सुरू होतो, तिथं माझं सासर. लढाईची वर्षं होती. नवरा पलटणीत, घरी थोरले दीर, जाऊबाई आणि मी. दावणीला दोन बैल आणि माझ्या माहेराहून आलेली म्हैस. मला पहिल्यापासून सगळं मोजून, ओळीनं लावून ठेवायची सवय. जाऊबाई शेजारणींना सांगायच्या, “ही चुलीत लाकडं घालती ती बी लहान-मोठी लावून.”

गावामागची टेकडी तेव्हा बोडकी झाली होती. जो तो जनावरं सोडायचा. शेवटी गावानं बसून ठरवलं: पावसाळ्यात टेकडी बंद. गवताचं बी खाली पडलं की दिवाळीनंतर नेमलेल्या दिवसांत सगळ्यांनी कापायचं, आणि एका चुलीला एक विळा. म्हणजे घरटी एकच माणूस कापणार.

नियम सगळ्यांनी पाळला. पहिल्याच वर्षी टेकडी भरली. आमच्या वाट्याचं गवत मात्र ऐन उन्हाळ्यात संपलं. पुढच्या पावसाळ्यात म्हैस गाभण होती. दीर म्हणाले, “औंदा बी एकच इळा असंल तर म्हस बाजारात न्यावी लागंल. बैल इकून शेती कशी करू?” त्यांचं चूक नव्हतं. पण माहेरचं माझ्याजवळ तेवढं एकच होतं.

गावानं यावर तोड काढलीच होती. घरं न फुटता चुली फुटत होत्या. एकानं तर गोठ्यात आपल्या आईची चूल मांडून दिली. ती म्हातारी आमच्याकडं येऊन म्हणाली, “लय बरं झालं बाई. आता सुनंला न इचारता पायजे तेवढं तिखट घालती.”

मीही तयारीला लागले. मागच्या पडवीत जागा सारवली, तीन सारखे दगड आणले, चार भांडी वेगळी काढली आणि जाऊबाईंना दाखवलं.

“ह्यावर शिजवणार काय?”

“काही नाही. पंच बघायला आले की थोडा धूर करायचा.”

“तुझा नवरा लढाईवर, आन् हितं मी त्याची चूल येगळी केली असं गाव म्हणंल. म्हशीपायी घर फोडू व्हय?” असं म्हणून त्यांनी तिन्हीतला एक दगड उचलला आणि कपडे धुवायला परसात नेला.

म्हैस जाणार, असं मी मनाशी धरून चालले.

दिवाळीआधी देवळात बैठक झाली. म्हातारे पंच वैतागले होते. “गावात माणसं तेवढीच, चुली दुप्पट. एवढे इळे वर गेले तर टेकडी पुन्यांदा बोडकी.”

“मग मोडा चुली!” कुणीतरी ओरडलं, आणि गोंधळ उठला.

जाऊबाई दाराशी उभ्या होत्या. पदर सावरून म्हणाल्या, “आवं मामा, गवत कोण खातं?”

“जनावर.”

“मग इळा चुलीला कशापायी? खुंट्याला द्या की.”

“म्हंजे उद्या घरोघर खुंटे ठोकतील,” मागून एक जण हसला.

“ठोकू द्या. धूर काढून दावता येतो, म्हस कुठनं काढून दावणार?”

देवळात हशा पिकला. पंचांनाही हसू आवरेना. दोन जनावरांमागं एक विळा, असं ठरलं. दावण कितीही मोठी असली तरी दोनाच्या वर विळे नाहीत. मग आमचा हिशेब निघाला. तीन जनावरं, दीड विळा.

“अर्धा इळा धरायचा कसा?” दिरांनी विचारलं.

पंच म्हणाले, “दुपारपतुर धरायचा.”

मग दीर दिवसभर कापायचे आणि मी दुपारपर्यंत. गावातल्या बाया मला ‘अर्धा इळा’ म्हणू लागल्या. ऊन डोक्यावर आलं की बांधावरून हाक यायची, “ए अर्ध्या, झाला गं तुझा दिस!” मी मुठीतली पेंढी पुरी करून विळा खाली ठेवायची. गंजी मात्र मी अशी रचली होती, की कुठल्या महिन्यात कुठपर्यंत खाली यायची ते डोळ्यांना दिसावं.

गवत पाऊस पडेपर्यंत पुरलं. म्हैस उन्हाळ्यात आमच्याच गोठ्यात व्यायली. जाऊबाईंनी खरवस केला आणि वाट्या भरून घरोघर द्यायला मला धाडलं. तोवर गावातल्या जास्तीच्या चुली विझल्या होत्या. गोठ्यातली म्हातारी मात्र आपल्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. मी विचारलं, “आवं आत्ती, आता कशाला येगळी चूल?”

“गवताचं तुमी बघा,” ती खरवसाची वाटी घेत म्हणाली. “माझं तिखटाचं हाय.”