बंगल्यातल्या मारबतीचा मामला

लई मामले पाहिले, पण हा अजून डोळ्यापुढून हालत नाही.

माहे मालक तापात गेले, पदरात दोन लेकरं. ठाण्यात बायांची झडती घ्याले अन् जनाना कोठडीवर बसाले बाई पाहिजे होती, म्हणून मी लागली. इंग्रजाचं राज होतं. त्यातलं एक लेकरूबी मग तापातच गेलं. काम सुटलं नाही.

नागपुरातल्या महाल वस्तीत एका मालगुजारानं, मोठ्या जमीनदारानं, बंगला केला होता. त्यात इथल्याच चिताऱ्या-मूर्तिकारायची कामं मांडली होती. त्यानं एका म्हाताऱ्या मूर्तिकाराकडून मारबत बनवून घेतली. बांबू-कागदाची बाहुली, चमकती पन्नी लावलेली, माणसापेक्षा उंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबत फिरवतात, अन् इडापीडा घेऊन जा म्हणून जाळतात. म्हाताऱ्यानं जन्मभर मारबती केल्या, सगळ्या जळाल्या. ही एक तरी राहीन म्हणून खूश होता. रोज पाहून जाये. चौकीदार त्याले अडवत नव्हता.

पोळा झाला. बाकीच्या जळाल्या, ही राहिली. अन् बंगल्यामागच्या गल्लीत ताप आला. एक दिवस मारबत गायब! मालगुजारानं चोरीची रपट लिहवली. पानवाल्यानं खबर दिली, नदीकाठच्या राखेत पन्नी चमकून राहिली, गल्लीतल्या बाया तिकडून येताना दिसल्या. जमादारानं बाया आणल्या.

ठाणेदार मले म्हणे, "बाई, यायच्याकडून चोराचं नाव काढून घ्या."

मी त्यायले विचारलं, "कोणं नेली वं?"

"मी," एक म्हणे.

"तिचं नका ऐकू मावशी, मी नेली."

तिसरी म्हणे, "ह्या दोघींच्यानं घागर उचलत नाही, मारबत काय नेतात! मीच होय."

जमादार हसला, "साहेब, कोठडी पुरत नाही आता."

मी त्यायले वेगवेगळं बसवलं. एकच विचारलं, बंगल्याच्या बुटक्या दारातून काढली कशी? एक म्हणे आडवी केली, दुसरी म्हणे तोडली, म्हणजे नेली दुसऱ्याच कोणी. मग मी ठाणेदारासंगं बंगल्यात गेली. खाली मारबतीच्या बांबूच्या सुतळ्या पडल्या होत्या. एकबी कापली नव्हती, गाठ न गाठ सोडलेली. चोर गाठी सोडत बसत नाही; ज्यानं बांधल्या त्यानंच सोडल्या.

म्हाताऱ्याले आणलं. जमादार दम द्याले लागला, मी थांबवलं. पाणी दिलं.

"बाबा, काहून जाळली?"

"माये, ह्या बाया माह्या दारात आल्या. एकीच्या कडेवर तापलेली पोर. म्हणे, मारबत कोंडून ठेवली त पीडा जाईन कशी? जन्मभर माह्याच मारबतीपुढं त्यायनं हात जोडले. हे नुसतं पाहाचं काम हाय, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

मालगुजार तिथंच होता. चिडला. "अगा, तुह्यं नाव राहालं असतं!"

"मालक, जळते म्हणून त दरसाल मले बोलावतात."

मालगुजारानं मामला पुढं चालवला नाही. म्हाताऱ्यानं पंचनाम्यातल्या सुतळ्या मागून घेतल्या. "कामी येतात," म्हणे.

पोर वाचली. तापाच्या कुनाइन गोळीनं का मारबतीनं, मले ठाऊक नाही.

कागदावर ज्याची वस्तू जाते तो फिर्यादी. त्या दिवशी ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, तो आरोपीच्या बाकड्यावर बसला होता. तवापासून कोणाले बाकड्यावर बसवलं, का मी आधी त्याचं काय गेलं ते पाहू लागली.