पावती कोणी द्यायची

दाभोशाच्या ढवळूला शाळा दोनच पावसाळे लाभली, पण पांगाऱ्याच्या लाकडातून चेहरा कसा बाहेर काढायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याचे मुखवटे हलके असत. बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं घेणाऱ्यांनी ते घालून कितीही नाचलं तरी मान भरून येत नसे.

दोन हजार आठच्या फाल्गुनात त्याने पाड्यासाठी नवा वेताळ केला, कारण जुन्याला वाळवी लागली होती. त्याची मुलगी हर्षदा जव्हारला एमएस-सीआयटी करून एका सायबर कॅफेत टायपिंगला बसायची. तिने वेताळाचा फोटो इंटरनेटवर विकायच्या वस्तूंच्या पानावर टाकला. आठवड्याने मुंबईच्या कुणा साहेबाचं उत्तर आलं. नऊ हजार देतो म्हणाला.

ढवळूने एका मुखवट्याचे नऊशेच्या वर कधी पाहिले नव्हते. बोहाडा पंधरा दिवसांवर होता आणि तेवढ्यात ओलं लाकूड काही वाळत नाही. तरी जुन्याच वेताळाची भोकं बुजवून या वर्षी भागवू, असं त्याने पाड्यावर सांगून टाकलं. म्हातारा मंगळू एवढंच म्हणाला, "वेताळाचा चेहरा देतोस, तर त्या साहेबाचा तरी बघून घे."

साहेबाचा चेहरा इंटरनेटवर नव्हता. तिथे फक्त नाव होतं.

सोमवारी ढवळूने मुखवटा पेंढ्यात गुंडाळला, वर गोणपाट शिवलं आणि जव्हार डेपोच्या पार्सल खिडकीवर नेला.

"आत काय?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"वेताळ."

"जिवंत नाही ना?" म्हणत त्याने 'लाकडी सामान' असं लिहून पावती फाडून दिली. दोनच्या ठाणे गाडीने पार्सल जाणार होतं.

पावती खिशात घालून ढवळू कॅफेत आला. हर्षदा पडद्यावरचं पत्र वाचत होती.

"बा, साहेबानं पैसे भरले. ही बघ पावती आली."

"मग बँकेतून काढून आण."

"खात्यात नाय आले अजून. पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडं हायेत. पेंडिंग."

"म्हंजे काय?"

हर्षदाने मराठी शब्द शोधला. "म्हंजे वाट पाहतायत."

"पैसे? कोणाची?"

"आपल्या पार्सलच्या नंबराची. नंबर पाठवला की सुटतात. दे ती पावती."

ढवळूने खिशातला कागद काढला, पण दिला नाही. एकदा कागदाकडे, एकदा पडद्याकडे असं पाहत राहिला. त्याच्या डोक्यात काहीतरी उलटंपालटं होत होतं.

"पोरी, मी वेताळ दिला. कोणाला दिला?"

"पार्सलवाल्याला."

"मग पावती कोणी दिली?"

"पार्सलवाल्यानं."

"म्हंजे ज्याला वस्तू पावली त्यानं. मनिऑर्डर आली की पोस्टमन माझा अंगठा घेतो. पैसे मना पावले म्हणून. आता पैसे देणार साहेब. मग पावतीही साहेबच कशी देतो? ती तर मी द्यायची."

"अरे बा, ती कंपनीची पावती हाय. ऑनलाइन असंच असतं."

"असंल. पण मना काय पावलं?"

कोर्समध्ये हर्षदाला पत्राला फाइल कशी जोडायची ते शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा कमी होते. ढवळू उठला आणि डेपोकडे निघाला. गोणपाटाचा गठ्ठा टपावर चढायच्या बेतात होता. ढवळूने तो परत मागितला.

"परत? भाडं नाही मिळणार," खिडकीतला माणूस म्हणाला.

"राहू दे."

"काय रे, वेताळ जायला तयार नाही का?"

"तो तयार हाय. मनाच कळंना."

साहेबाची आणखी तीन पत्रं आली. शेवटच्यात पोलिसांचं नाव होतं. ते ऐकल्यापासून दाभोशाच्या रस्त्याला जीप थांबली की ढवळूचा हात पटाशीवरच थांबायचा. आपणच तर त्याला फसवलं नाही? बिचारा पैसे भरून बसला असेल. हर्षदा बँकेत विचारून आली. तिथे काहीच आलं नव्हतं. मग तिने ती पावती पुन्हा नीट पाहिली. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

"खोटी हाय, बा. एका अक्षराचा फरक हाय."

"एका अक्षरानं काय होतं? रेशनकार्डावर माझा धवल केलाय. तांदूळ येतोच की."

यावर हर्षदाने कपाळाला हात लावला.

बोहाड्यात नवा वेताळ नाचला. पोरं घाबरली, म्हातारा मंगळू खूश झाला. पुढे नाशिकचा एक मास्तर दाभोशाला आला आणि तसाच दुसरा मुखवटा समोर बसून करवून घेऊन गेला. ढवळूने नोटा हातात घेतल्यावर हर्षदाकडून एका ओळीचा कागद लिहून घेतला, 'पावले', आणि खाली अंगठा उठवून मास्तरला दिला. मास्तर नको म्हणत होता. ढवळूने ऐकलं नाही.

तरी बाजाराच्या दिवशी जव्हारला गेला की तो कॅफेच्या दारात उभा राहून, आवाज जरा खाली आणून विचारतो,

"पोरी, ते पैसे अजून वाट पाहतायत का गं?"