चॅटम बेटावरची वहिवाट

ऑकलंडहून विमान सुटलं तेव्हा गावच्या जमिनीचा निकाल माझ्याविरुद्ध, दादाच्या बाजूने लागून जेमतेम आठवडा झाला होता. डोकं तापलेलंच होतं. ऑकलंडच्या ईस्ट टामाकीत माझं मासळीचं शीतगृह आहे. शेवंड (लॉबस्टर) साठवायला चॅटम बेटावर किनाऱ्यालगत जागा बघायची होती.

उतरल्यावर घड्याळ पाऊण तास पुढे करावं लागलं. मोबाइल मुका झाला. वारा असा, की उभं राहायचं तर पाय रोवून. वाइटांगी या बेटावरच्या गावात ब्लू कॉड (पांढरा, मऊ मासा) खाल्ला आणि जमीनमालक ग्रॅहमच्या जीपमध्ये बसलो.

तुकडा झकास होता. कोपऱ्यात कोपीची (जाड पानांच्या जुन्या झाडांची) राई होती. खोडांवर माणसांच्या आकृत्या कोरलेल्या. भाव जुळत आला, तेवढ्यात शेजारची मेरी नावाची म्हातारी कुंपणाशी आली. राई सौद्यातून वगळा, एवढंच तिचं मागणं. त्या आकृत्या तिच्या पूर्वजांच्या होत्या.

मेरी मोरिओरी जमातीची, या बेटाच्या मूळ लोकांपैकी. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडच्या मुख्य भूमीवरून आलेल्या माओरी टोळ्यांनी बेट जिंकून त्यांना गुलाम केलं. तीसेक वर्षांनी ते सुटले. मग जमिनीचं कोर्ट बसलं आणि त्याने जवळजवळ सगळं बेट जिंकणाऱ्यांनाच दिलं.

ग्रॅहम बुटाने माती उकरत राहिला. माझा मात्र तोल गेला. तुमच्यापैकी कुणी ही जमीन कधी कसली, असं मी तिला विचारलं. "वहिवाट कुणाची?" हे तर मराठीतच तोंडून गेलं. अर्थ सांगावा लागला: ज्याचा वापर, त्याचा हक्क.

मेरी हसली. "कोर्टाने माझ्या पणजोबांना हेच विचारलं होतं. राबत आम्हीच होतो, मित्रा. पण गुलामाचं राबणं त्यांनी धरलं नाही."

मला आमचा खटला आठवला. गावची विहीर मी खणली, मग इकडे आलो. मागे दादा जमीन कसत राहिला. खणणं वेगळं, वहिवाट वेगळी, असं त्याचा वकील भर कोर्टात म्हणाला होता.

"राई हिच्या नावावर कर, मगच सही," मी ग्रॅहमला म्हणालो.

"भाव कमी होणार नाही हं."

आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस केली नाही.

ऑकलंडला उतरल्यावर घड्याळ पाऊण तास मागे घेतलं. दादावरचा राग अजून मागे घेतलेला नाही. पण त्याच्या वकिलाचा शब्द त्या दिवशी माझ्याही तोंडून निघाला होता, एवढं विसरता येत नाही.