थांबवलेला काटा

खंडेनवमीला आमच्या घरी पान्या-पकडींची पूजा असते. आप्पा, म्हणजे माझे वडील, हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. पाटावर त्यांची हत्यारं मांडली की शेवटी एक मनगटी घड्याळ ठेवलं जातं. काळी तबकडी, मोठे आकडे, हातमोजे घालूनही दाबता यावीत अशी दोन ठसठशीत बटणं. वरच्या बटणानं वेळ मोजणारा, बारा तासांत एक फेरा मारणारा लांब काटा सुटतो आणि थांबतो, खालच्यानं तो बारावर परत येतो.

घड्याळ आप्पांचं नव्हे, एका तरुण वैमानिकाचं. उड्डाणाआधी पट्टा तुटला, म्हणून त्यानं ते आप्पांच्या हातात दिलं. चाकं उचलली की काटा सोडा, घड्याळ आल्यावर घेतो, असं हसत सांगून गेला. आप्पांनी काटा सोडला. विमानातलं इंधन संपायची वेळ उलटून गेली, तेव्हा थांबवला. पुढे ते घड्याळ पोचवायला गेले, तर त्या पोराच्या आईनं ते हातात घेतलंच नाही.

तेव्हापासून आप्पा रोज किल्ली देऊन ते वापरत. घड्याळ चालायचं, लांब काटा मात्र थांबवला तिथंच. त्याला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. लहानपणी मला त्या काट्याचा भारी राग यायचा. घरात हसणं-खिदळणं सुरू झालं की आप्पांची नजर मनगटाकडे जायची आणि आम्ही सगळे गप्प व्हायचो.

गेल्या पावसाळ्यात आप्पांची उजवी बाजू गेली. डोकंही ठिकाणावर राहिलं नाही. म्हणून यंदा पूजा आईनं मांडली. पुसल्याशिवाय देवालाही कुंकू न लावणारी बाई ती. तिनं घड्याळ खसाखसा पुसलं, खालचं बटण दाबलं गेलं आणि काटा बारावर जाऊन बसला.

"आता गं बाई," एवढंच ती म्हणाली.

त्यांना आता काय कळतंय, असं म्हणत मी घड्याळ आप्पांच्या डाव्या मनगटावर बांधलं. त्यांना कळलं. काटा बारावर, म्हणजे त्यांच्या लेखी तो पोरगा अजून उडालाच नव्हता.

"अजून गेला न्हाय व्हय? थांबवा त्येला. जाऊ दिऊ नका."

दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलेल्यांचेही हात धरून, "पावणं, थांबवा की त्येला." आप्पांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आई भरल्या ताटावरून उठली.

"व्हता तिथं न्हे बाबा तो काटा," ती म्हणाली.

काटा हातानं फिरवता येत नाही. तो सोडायचा आणि जागेवर येईपर्यंत थांबायचं, त्या दिवशी लागला तेवढाच वेळ. मी आप्पांच्या मनगटावरचं वरचं बटण दाबलं.

"गेला," ते म्हणाले आणि छताकडे बघत राहिले. त्या पोराला मी पुन्हा मरायला धाडलं होतं आणि आता बसून बघत होतो.

उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या घरावरूनच जातात. एरवी कुणी मानही वर करत नाही. काटा जागेवर यायला अजून बराच अवकाश असताना दुपारचं विमान आलं. फळीवरची भांडी थरथरली.

"आला! थांबीव काटा!" आप्पा ओरडले.

मी थांबवला. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आप्पांनी डावा हात पुढं केला. "काढ. त्येचं त्येला दिऊन ये. खोळंबला आसंल त्यो."

मी पट्टा सोडला, चपला घातल्या आणि घड्याळ घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.