शेवट न पटलेली वहिनी

नणंद आधीपासून तिथे कामाला होती, म्हणून ही कामाला लागल्या दिवसापासून सगळ्यांची वहिनी झाली. मॅनेजरसुद्धा तिला वहिनीच म्हणायचे. मोठ्या हॉटेलच्या तळघरातला धुलाईखाना तो. वर सात मजले गालिचे, आरसे आणि फुलं. खाली वाफ, फेस आणि बारा बायका. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये सरकवायच्या, पलीकडून कोरड्या ओढायच्या आणि घड्या घालायच्या. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला नणंद. चौदा वर्षांत जोडी अशी जमली होती, की एकीला शिंक येणार हे दुसरीला आधी कळायचं.

वहिनीचं शिक्षण लग्नापाशी अडलं होतं. मुलगी कॉलेजात जायला लागली तसा हिच्याही डोक्यात किडा वळवळला, आणि चाळिशी उलटल्यावर तिने बाहेरून पदवीचा अर्ज भरला. "म्हातारपणी पुस्तकांचे डोहाळे लागलेत हिला," असं नणंद साऱ्यांना सांगत सुटली; पण रविवारी वर्ग असला की वहिनीची पाळी मुकाट्याने तीच करायची.

शेवटच्या वर्षाला एक कादंबरी होती. दीडशे वर्षांपूर्वीची, परदेशातली, विटेएवढी जाड. मेणबत्त्या करणाऱ्याची एक मुलगी. बाप मेणबत्त्यांसाठी जनावरांची चरबी उकळतो, ही ढवळते आणि टेकडीवरच्या मोठ्या घराच्या खिडक्यांकडे बघते. तिला त्या घरात राहायचं असतं. बस, एवढंच!

जेवणाच्या सुट्टीत वहिनी टॉवेलांच्या गठ्ठ्याला टेकून वाचायची. एकदा एकीने विचारलं, "एवढं काय आहे गं त्यात?" वहिनीने दोन पानं मोठ्याने वाचली, आणि झालं! दुसऱ्या दिवसापासून बाराही जणी भराभर घास गिळून गोल करून बसायला लागल्या. मेणबत्तीवालीला मोठ्या घरात नोकरी मिळाली तेव्हा टाळ्या पडल्या. टेबलावर जेवण वाढताना तिने चुकीचा चमचा उचलला आणि सगळे हसले, तेव्हा कपडे वाळवणारी म्हणाली, "फेकून मारायचा होता एकेकाला!" घरच्या मालकिणीला तर सगळ्यांनी मिळून 'सुकलेली काकडी' असं नाव ठेवलं.

आणि मग आला शेवट. मुलगी टेकडीवरच्या घरची सून होते, सगळं मिळतं, पण मन रमत नाही. शेवटच्या दीड पानात ती बापाच्या झोपडीत परत येते, पुन्हा चरबी ढवळायला लागते आणि आपल्या पायरीने राहण्यातच सुख आहे हे तिला उमगतं. संपलं.

नणंद म्हणाली, "खरंच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे."

"पण ताई, अंथरूण एवढं आखूड शिवलं कुणी, हे विचारायचंच नाही का?" वहिनी ताडकन बोलली. तिचे कान तापले होते.

रविवारी वर्गात तरुण मॅडमनी या शेवटाचा अर्थ विचारला. बँकेतला कारकून उठून म्हणाला, "महत्त्वाकांक्षेने दुःख येतं, समाधानात सुख असतं, असा संदेश आहे." माना डोलल्या. वहिनी तीन वर्षांत वर्गात कधी बोलली नव्हती. पण आज ती आपोआप उभी राहिली.

"मॅडम, ही सुखी झाली हे मला पटत नाही."

"का बरं?"

"चारशे पानं हिला त्या चरबीच्या वासाची शिसारी होती. मग दीड पानात एकदम आवडायला लागला? मी रोज वाफेत उभी असते. कामाची मला लाज नाही. पण 'तू इथेच सुखी आहेस' असं दुसऱ्याने ठरवलं ना, तर त्याला एक दिवस खाली आणून रोलरपाशी उभा करीन! लेखकालासुद्धा."

वर्ग खो खो हसला, मग कुणीतरी टाळी वाजवली. मॅडमचे डोळे चमकले. "परीक्षेत असंच लिहाल?"

"मार्क जातील?"

"जाऊ देत. लिहा."

त्या दिवशी ती बसची वाट न बघता घरापर्यंत जवळजवळ धावत आली. नवऱ्याला तिने सगळं दोनदा सांगितलं. ऐकता ऐकता त्याच्या हातातला चहा निवला. "अगं, पण लेखक मेला असेल ना आता?" तो म्हणाला. "सुटला बिचारा!"

महिनाभरात धुलाईखान्याच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली. आजवर ती वरच्या मजल्यावरच्या माणसालाच मिळायची. वहिनीने अर्ज करते म्हटलं, तर नणंद हसली, "कर की. घेतायत तुला!"

मुलाखतीत मॅनेजर म्हणाले, "वहिनी, त्या सगळ्या तुमच्या मैत्रिणी. हुकूम कसा सोडणार?"

"चौदा वर्षं ओरडतेच आहे साहेब. आता फक्त हुद्दा मिळेल."

घेतलं तिला!

आनंदाने तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण पहिल्याच सकाळी काचेच्या केबिनपाशी नणंद आली आणि म्हणाली, "मॅडम, चाव्या देता का?" 'अगं' नाही, 'तू' नाही, थेट 'मॅडम'. आठ दिवस असंच. वहिनी हसून बोलायला गेली, की नणंदेला नेमकं काम आठवायचं.

नवव्या दिवशी नणंद दारात उभी राहिली. "मॅडम, तीन नंबरच्या मशीनची नळी गळतेय. सहा महिने सांगतेय. आज माझ्या मनगटावर वाफ आली."

मनगट लालभडक झालं होतं. वहिनीने आधी ते नळाखाली धरलं, मग मशीन बंद केलं आणि ओल्या एप्रनसह, मागचा जिना सोडून, सरळ पाहुण्यांच्या गालिच्यावरून मॅनेजरच्या खोलीत गेली.

"नळी बदलेपर्यंत मशीन चालणार नाही."

"वहिनी, आज दोनशे खोल्या भरल्यात!"

"म्हणूनच आज सांगतेय."

दोन तासांत फिटर हजर! बायकांनी शिट्ट्या मारल्या. पट्टी बांधलेला हात घेऊन नणंद केबिनमध्ये आली आणि खुर्चीत बसली.

"खरं सांगू? जळफळाट झाला होता माझा. बावीस वर्षं काढली मी इथे."

"माहितेय ताई. मलाही तुमच्याकडे बघवत नव्हतं."

"अजून थोडा आहे हं."

"असू दे. तुमचा हक्कच आहे."

मग दोघीही हसल्या, पण नणंदेचे डोळे भरून आले होते, आणि वहिनीने ते न पाहिल्यासारखं केलं.

निकाल लागला. वहिनी पास झाली. त्या कादंबरीच्या पेपरात जेमतेम, पण पास. बायकांनी तिला साबणाच्या पोत्यावर उभं करून भाषण करायला लावलं आणि एक शब्द बोलू दिला नाही. सध्या ती तळघराला खिडकी पाडून घ्यायच्या मागे लागली आहे. तळघराला कसली खिडकी, असं मॅनेजर विचारतात. तिने भिंतीवर खडूने जागा आखून ठेवली आहे.