मावशींनी क्लिक केलं

मावशींना व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका पाठवायची सोय नव्हती. पाठवली की पाच मिनिटांत फोन यायचा. "तूच पाठवली ना? नक्की? मग सांग बरं, नवरी कोणाची कोण?" पाठवणारा बिचारा आधीच हॉल, केटरर आणि रुसलेले मामा यांच्यात पिळून निघालेला असायचा, आणि वर ही उलटतपासणी. सगळी उत्तरं बरोबर आली तरी मावशी पत्रिका उघडायच्या नाहीतच. "तारीख तोंडी सांग ना बाप्पा, ध्यानात ठेवते." मावशींना बोलवायचं तर दवंडीच पिटायला हवी, असं शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळींत सगळे म्हणायचे, आणि तरी दर कार्याला त्यांना बोलवायचे.

विक्षिप्तपणा होता, नाही कशाला म्हणू? पण त्यांचं कामच तसलं होतं. शिकागोच्या पश्चिमेला एक छोटं कॉलेज आहे. तिथली बहुतेक मुलं मेक्सिकन घरांतली, काही कृष्णवर्णीय, आणि जवळजवळ सगळीच आपापल्या घरातून कॉलेजात आलेली पहिली. या कॉलेजचं नेटवर्क मावशी सांभाळायच्या आणि मुलांना, प्राध्यापकांना, कारकुनांना सायबर सुरक्षा शिकवायच्या. मी त्यांच्या हाताखाली. मी पुण्याची, त्या नागपूरच्या, तेव्हा एकमेकींचं मराठी सुधारणं हा आमचा जोडधंदा होता. "काय करून राहिली तू?" त्यांनी विचारलं की मी म्हणायची, "राहिले नाही मावशी, करतेय." त्यावर त्या म्हणायच्या, "हौ, पण तुझं होऊन नाही राहिलं ना अजून." आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावायच्या.

मावशी हे नाव मीच त्यांना चिकटवलं. आल्या आल्या एकदा कॉरिडॉरमधून "मावशी, थांबा!" अशी हाक मारली आणि ती मुलांनी उचलली. त्यांना वाटलं, हेच नाव. त्यांचं ढवंगाळे हे आडनाव एरवीही इलिनॉयमध्ये कोणाला पेललं नव्हतंच. बघता बघता त्या 'मिस मावशी' झाल्या, आणि एक दिवस खोलीच्या दारावर तशी पाटीच लागली. आमच्या डीनबाई फार मर्यादशील. त्यांनी हळूच विचारलं, "मावशी हे तुमचं फॅमिली नेम का?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "येस. फॅमिलीचंच आहे." मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाले.

त्या इथे आल्या तेव्हा कॉलेजचा मुख्य सर्व्हर झाडू आणि फिनेलच्या खोलीत होता म्हणे. वर पाइप गळायचा, खाली बादली. जो जाईल त्याने बादली रिकामी करायची, अशी पद्धत. अशा कॉलेजांसाठी सरकारची मदत असते. मावशींनी अर्ज खरडून खरडून ती आणली, इमारतभर नव्या वायरी टाकून घेतल्या, मुलांसाठी लॅब उभी केली. "मोठ्या युनिव्हर्सिटीत चोरी झाली तर बातमी होते," त्या म्हणायच्या. "आपल्याकडे झाली तर कोणाला पत्ता नाही लागत. म्हणून चोर इकडंच येते." लॅबमध्ये कोणी केबल हिसकली की "अबे पोट्ट्या, हळू!" असा आवाज यायचा, आणि सहा फुटी मेक्सिकन पोट्टा मान खाली घालून "सॉरी, मावशी" म्हणायचा. भाषांतर कधी लागलं नाही.

त्यांच्या शिकवण्याचा एक भाग मला कधीच आवडला नाही. लोकांना सावध करायला त्या स्वतःच खोटे मेल बनवून सगळ्यांना पाठवायच्या. त्याला त्या चारा म्हणायच्या. आणि चाराही असा तसा नाही, ज्याची जी काळजी त्याला तोच. फीच्या खिडकीवर रोझा म्हणून एक वयस्कर बाई बसते, तिचा मुलगा सैन्यात. तिला मेल गेला, तुमच्या मुलाला पाठवलेलं पार्सल परत आलं आहे, इथे क्लिक करून बघा. रोझाने क्लिक केलं आणि हे खोटं आहे असं कळल्यावर ढसाढसा रडली. मावशींनी दुसऱ्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून तिच्यासाठी पेढे आणले, ते वेगळं. मी मात्र तापले. "मावशी, हे फार होतंय. माणसाच्या वर्मावर बोट ठेवता तुम्ही."

"चोर काय तुझी परवानगी घेऊन ठेवीन बोट?" त्या म्हणाल्या. "लोभानं फसणारे थोडे असतेत. माणूस फसते काळजीनं."

पण त्यांचा एक नियम होता आणि तो त्या प्रत्येक वर्गात सांगायच्या. क्लिक झालं तर झालं. तडक माझ्याकडे या, मी रागावणार नाही. लपवलंत तर मात्र मी तुमची कोणी नाही. रोझा तर इतकी धास्तावली होती की साधा मीटिंगचा निरोप आला तरी फोन घेऊन आमच्या दारात उभी. मावशी हातातलं काम टाकून तो वाचायच्या आणि म्हणायच्या, "जा, चांगला आहे."

मावशींना स्वतःला कसली काळजी आहे, हे आम्ही कोणी विचारायचो नाही. कारण आम्हा सगळ्यांची तीच होती. ग्रीन कार्डची रांग, म्हणजे आपली तारीख येईपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघणं. त्यात मावशींचा व्हिसा कॉलेजांच्या वेगळ्या कोट्यातला. कॉलेज सोडून कंपनीत जायचं तर आधी सरकारच्या वर्षातून एकदाच निघणाऱ्या लॉटरीत नाव लागायला हवं. कॉलेजने त्यांना डायरेक्टर करायचं ठरवलं, तर वकील म्हणाला, कामाचं स्वरूप बदललं की कागद पहिल्यापासून. मावशींनी बढती नाकारली, आणि मग त्यांच्या डोक्यावर जे गृहस्थ येऊन बसले त्यांना राउटर कुठला आणि मॉडेम कुठला हे मावशीच दाखवत बसल्या. भारतात जावं, तर पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला; इथे राहायला तो चालतो, पण एकदा बाहेर पडलं की परत यायला नवा लागतो. नवा शिक्का मिळेल तेव्हा मिळेल, तोवर नोकरी राहील न राहील. बहिणीच्या मुलीचं लग्न त्यांनी फोनवर पाहिलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा अक्षता स्वतःच्याच किचनमध्ये टाकल्या आणि नंतर व्हॅक्युम फिरवला. लोक सोन्याचा पिंजरा म्हणतात! सोनं कसलं डोंबलाचं, प्लायवूडचं क्युबिकल ते. आणि मंडळाच्या पॉटलक जेवणाला जावं तर तिथेही वरणभात वाढून घेता घेता पुरुष मंडळी एकमेकांना विचारत असतात, "यार, तुझी डेट कुठवर आली?"

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी आपापल्या टेबलाशी डबा खात होतो. मावशी भाकरी मोडता मोडता मेल बघत होत्या. एकदम "अगं माय!" असं ऐकू आलं. मी वळून पाहिलं तर मावशी उभ्या, आणि चेहरा असा उजळलेला की मी तो तसा कधी पाहिलाच नव्हता. "लागला! नंबर लागला माझा!" वकिलाच्या ऑफिसातून मेल होता. तुमची तारीख आली आहे, कागद चढवायला कॉलेजच्या खात्याने साइन इन करा. मी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत होतो. हसता हसताच मावशी खाली बसल्या आणि त्यांनी पासवर्ड टाकला.

पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं.

मावशींनी मेल पुन्हा उघडला. या वेळी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला. वकिलाच्या नावात एक अक्षर जास्त होतं. "मी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला आधी कळलंच नाही कोण बोललं.

पुढचं सगळं त्यांनी भराभर केलं. पासवर्ड बदलला, खातं बंद केलं, आत कोण येऊन गेलं ते तपासलं. तेवढ्यातल्या तेवढ्यात कोणीतरी मुलांच्या आर्थिक मदतीच्या कागदांचं एक फोल्डर उघडलं होतं. नावं, घरचे पत्ते, आईवडिलांची माहिती.

मावशी उठल्या. मी दार अडवून उभी राहिले. "आधी तुमच्या वकिलाला फोन करा. खऱ्या वकिलाला. डीनबाईंना सोमवारी सांगू."

"सोमवारपर्यंत हे पत्ते कुठं कुठं जातीन?"

"मावशी, नोकरी जाईल!"

"यातल्या कित्येक पोट्ट्यांच्या मायबापाकडं इथं राहायचे कागद नाहीत. माहीत आहे ना तुला? त्यांच्या दाराशी कोणी जाऊन उभं राहिलं तर? मला रांग तरी आहे."

"नोकरी गेली की रांगही गेली," मी ओरडलेच.

"हौ," मावशी म्हणाल्या. डब्याला झाकण लावलं, हात पुसले आणि वर डीनबाईंकडे गेल्या.

संध्याकाळपर्यंत एकूण एक घरी फोन गेले. मावशी स्वतः फोन लावत होत्या, आणि शेजारी बसून रोझा स्पॅनिशमध्ये समजावत होती. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या, एक कुटुंब त्याच रात्री नातेवाइकांकडे राहायला गेलं. पुढे तिथे कोणी गेलं-आलं का, ते आम्हाला कधी कळलं नाही. मावशींचं मात्र महिन्याभरात कळलं. कॉलेजचा विमा उतरवणाऱ्यांचं म्हणणं पडलं की ज्या हाताने हे झालं त्या हातात नेटवर्क ठेवता येणार नाही. डीनबाईंनी डोळ्यांत पाणी आणून त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं. नोकरी गेल्यावर इथे थोडी मुदत मिळते, त्यात मावशींनी खूप ठिकाणी अर्ज केले. दुसऱ्या कॉलेजांत जागा नव्हत्या. कंपन्या म्हणाल्या, वा, फारच छान, आणि मग व्हिसाचं ऐकून गप्प झाल्या. लॉटरी नुकतीच होऊन गेली होती.

मला अजून राग येतो. विमावाल्यांचा येतो, डीनबाईंच्या डोळ्यांतल्या पाण्याचा येतो, ज्याने तो मेल लिहिला त्या मेल्याचा तर येतोच. आणि खरं सांगू, मावशींचाही येतो. इतकं सरळ असावं का माणसाने? पण या रागाने भांडायला जावं तर दार ठोठावायचं कुणाचं?

त्यांना ओ'हेअरला मीच सोडलं. मावशींनी पर्समध्ये सगळे कागद नीट लावून घेतले होते, जुनी मंजुरीपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, कोणी काही विचारलं तर हाताशी असावं म्हणून. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, बॅग वजनावर ठेवली आणि 'हॅव अ नाइस फ्लाइट' म्हणाली. मावशी थांबून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "इमिग्रेशन कुठं आहे?"

"नसतं मावशी. जाताना कोणी विचारत नाही."

"कोणीच?" त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं. मला रडू येत होतं आणि त्यातच हसूही आलं. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि तपासणीच्या रांगेत शिरल्या.

आता त्या नागपुरात एका कॉलेजात शिकवतात. "इथले पोट्टे तं काहीही क्लिक करून राहिले बाप्पा," असं खुशीत सांगतात. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. माझा व्हिसा त्याच कोट्यातला, शिक्का तसाच संपलेला, आणि जागा पुन्हा रिकामी झाल्यावर डायरेक्टर होतेस का, असं मलाही विचारून झालं आहे. रविवारी त्यांचा फोन आला. संत्री आली आहेत, बहिणीने यंदा वड्या उन्हात घातल्या आहेत, असं बरंच बोलल्या. मग म्हणाल्या, "तू कधी येते?"

"बघते," मी म्हटलं.

माझी आई यावर म्हणते, बघते काय, तिकीट काढ. दादा म्हणतो, दर वेळी तुझं हेच. मावशींकडे मागे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी त्यांना आतून हाक मारली, तरी त्यांनी फोन ठेवला नाही. आम्ही दोघी नुसत्याच बसून राहिलो, त्या तिकडे आणि मी इकडे.